साक्यातील सूत

विज्ञानाचा इतिहास मराठीत बहुधा शोधांच्या यादीच्या रूपाने लिहिला जातो. अमुक साली अमुक शास्त्रज्ञाने अमुक शोध लावला, की लगेच पुढचे नाव, पुढचे साल. साहित्याच्या इतिहासाचीही आपल्याकडे बराच काळ हीच रीत होती. पुढे साहित्याचे अभ्यासक अधिक अडचणीचे प्रश्न विचारू लागले. एखादी कृती तिच्या काळात कशी वाचली गेली, तिला कोणते नाव मिळाले, नंतरच्या पिढ्यांनी तिच्यात आपल्या सोयीचा अर्थ भरला काय, हे प्रश्न आता आपल्याला परके राहिलेले नाहीत. हेच प्रश्न एखाद्या पदार्थाला विचारून पाहावेत, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही निवडलेला पदार्थ आहे पॉलिॲनिलीन. ॲनिलीन या सेंद्रिय द्रव्याचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन जी लांब साखळी बनते, ती ही. अशा साखळ्यांच्या पदार्थांना आपण पॉलिमर म्हणतो. त्यासाठी मराठी विश्वकोशातला शब्द बहुवारिक असा आहे. प्लॅस्टिकची बादली, नायलॉनची दोरी, विजेच्या तारेवरचे वेष्टण ही सारी बहुवारिकेच. त्यांच्यातून वीज वाहत नाही, म्हणून तर ती तारेवर चढवितात. पॉलिॲनिलीन मात्र योग्य अवस्थेत वीज वाहून नेते, आणि त्याचे तीस ते दीडशे नॅनोमीटर जाडीचे तंतू आज प्रयोगशाळांत काढले जातात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस अशा तंतूहून शेकडो, कधी हजारो पटींनी जाड भरतो. हे तंतू कसे तयार केले गेले, हा वरवर पाहता निव्वळ तंत्राचा प्रश्न वाटतो. पण त्याचा इतिहास चाळू लागलो की ‘तयार केले’ या क्रियापदाविषयीच शंका येऊ लागते. हे तंतू कोणी घडविण्यापूर्वीच भांड्यात होते, आणि ते न दिसण्याचा इतिहास ते दिसण्याच्या इतिहासापेक्षा कितीतरी लांबलचक आहे.

आरंभ शब्दापासून करू. १८२६ साली ओट्टो उन्फरडॉर्बेन या जर्मन रसायनज्ञाने नीळ तापवून तिच्यातून एक तेलकट द्रव मिळवला. १८३४ मध्ये फ्रीडलीब रुंगे यांना तोच द्रव दगडी कोळशाच्या डांबरात सापडला. विरंजक चूर्णाशी त्याचा संयोग होताच सुंदर निळा रंग येतो हे पाहून त्यांनी त्याला ग्रीक भाषेतील निळ्या रंगाच्या शब्दावरून ‘क्यानोल’ म्हटले. १८४० मध्ये कार्ल युलियस फ्रिट्झशे यांनी नीळ आणि दाहक पोटॅश यांच्यापासून तो पुन्हा मिळवला आणि ‘ॲनिलीन’ हे नाव दिले. वेगवेगळ्या नावांनी वावरणारी ही द्रव्ये एकच आहेत, हे १८४३ मध्ये ऑगस्ट विल्हेल्म होफमान यांनी दाखवून दिले. एकाच संहितेच्या चार पोथ्या चार नावांनी चार मठांत सापडाव्यात, त्यातला हा प्रकार.

टिकले ते फ्रिट्झशे यांचे नाव. ते आले ‘अनिल’ या शब्दावरून. मराठी वाचकाला ‘अनिल’ म्हटले की वारा आठवेल किंवा मुक्तछंदाचे कवी. हा अनिल निराळा. स्पॅनिश-पोर्तुगीजांत निळीला अनिल म्हणतात. त्याच्या मागे अरबी ‘अन्-नील’ आहे आणि त्याच्याही मागे संस्कृत ‘नील’. म्हणजे आजचा विद्यार्थी ‘पॉलिॲनिलीन’ असे लिहितो, तेव्हा ग्रीक उपसर्ग, अरबी उपपद आणि संस्कृत प्रकृती तो एका दमात उच्चारीत असतो.

व्युत्पत्तीचा असा धागा हाती लागला की ‘म्हणजे मूळ आमचेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण हाच धागा पुढे नेला तर तो आपल्याला गौरवाच्या ठिकाणी नेत नाही. ॲनिलीन युरोपच्या प्रयोगशाळांत रुळत होते, त्याच सुमारास बंगालची रयत निळीच्या सक्तीखाली पिचत होती. १८५९-६० मध्ये तिने उठाव केला. १८६० मध्ये दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे बंगाली नाटक प्रसिद्ध झाले आणि त्याचा इंग्रजी अनुवाद छापून घेतल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याचा तुरुंगवास आणि हजार रुपये दंड झाला. पुढे चक्र उलटे फिरले. जे द्रव्य प्रथम निळीतून काढले गेले, त्याच्यापासूनच नीळ बनविण्याचा मार्ग १८९० मध्ये कार्ल हॉयमान यांनी दाखविला. १८९७ पासून जर्मन कारखान्यांची कृत्रिम नीळ बाजारात येऊ लागली. भाव कोसळले तेव्हा चंपारणच्या मळेवाल्यांनी आपले नुकसान वाढीव खंडाच्या आणि नुकसानभरपाईच्या रूपाने कुळांवर ढकलले. १९१७ मध्ये गांधीजी तेथे गेले, ते या पार्श्वभूमीवर. पदार्थाच्या नावात आपला शब्द राहिला आहे, आणि त्या शब्दात कुळांचे हे देणेही राहिले आहे. ते विसरून केलेली व्युत्पत्ती अपुरीच म्हणावी लागेल.

आता भांड्यातल्या साक्याकडे येऊ. १८५६ मध्ये होफमान यांचा अठरा वर्षांचा शिष्य विल्यम हेन्री पर्किन हा लंडनमधील आपल्या घरच्या प्रयोगशाळेत कृत्रिम क्विनीन करण्याच्या खटपटीत होता. ॲनिलीन सल्फेटावर पोटॅशियम डायक्रोमेटाची क्रिया केल्यावर त्याला क्विनीन मिळाले नाही. एक काळा गाळ मिळाला. तो अल्कोहोलात धुताना जांभळा रंग उतरला. पुढे मॉव्ह या नावाने तो गाजला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग त्यातून उभा राहिला. इतिहासाने तो जांभळा रंग उचलला. धुऊन उरलेल्या काळ्या गाळाविषयी तो फारसे बोलत नाही.

तो गाळ मात्र पुन्हा पुन्हा वर येत राहिला. १८६२ मध्ये लंडन हॉस्पिटलच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक हेन्री लेथबी यांनी ॲनिलीनच्या आम्लयुक्त विद्रावातून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमच्या धनाग्रावर निळसर हिरवट थर साचला. ॲनिलीनच्या विषबाधेत निळसर रंग का येतो हे समजून घेण्याकडे त्यांचे लक्ष होते. थराचा स्वतंत्र विचार करण्याचे त्यांना काही कारण नव्हते. पुढच्याच वर्षी लँकेशायरमधील जॉन लाइटफूट यांनी सुती कापडावर ‘ॲनिलीन ब्लॅक’ छापण्याचे पेटंट घेतले. हा काळा रंग कशातही विरघळत नसे, त्यामुळे तो आधी तयार करून मग कापडाला चढविणे शक्य नव्हते. ॲनिलीनने भिजलेल्या सुताच्या आतच तो घडवावा लागे. पॉलिॲनिलीनच्या कुळातला हा पदार्थ अशा रीतीने व्हिक्टोरियन काळात सुतात शिरून लोकांच्या अंगावर वावरत होता.

त्याची एक खोड होती. हवेतील आम्लयुक्त वायू लागले की काळे कापड हिरवट पडे. रंगारी या खोडीने इतके त्रस्त झाले की ‘हिरवा न पडणारा काळा’ शोधणे हा एक वेगळा उद्योगच होऊन बसला. वाचकांनी ही खोड ध्यानात ठेवावी. शंभर वर्षांनी तिचे नाव बदलणार आहे.

मग लेथबींना वीजवाहक बहुवारिकाचे जनक म्हणावे काय? अलीकडच्या काही लेखनात तसा सूर दिसतो. आम्हांला तो मान्य नाही. बहुवारिक म्हणजे अतिदीर्घ साखळीचा एकसंध रेणू, ही कल्पना हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली आणि ती सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. ज्याच्यासाठी भाषेत शब्द नाही आणि विचारात जागा नाही, ती वस्तू हातात असूनही ‘सापडलेली’ नसते. एखाद्या मध्ययुगीन कवीला आपण आज आधुनिक म्हणतो, तेव्हा त्याच्याविषयी कमी आणि आपल्या वाचनाविषयी अधिक सांगतो. तसेच येथेही आहे. लेथबींना जनक ठरवण्यात त्यांचा सन्मान दिसतो खरा, पण त्यांचा स्वतःचा प्रश्न, विषबाधा झालेल्या माणसांचा प्रश्न, त्यात पुसला जातो.

१९१० मध्ये आर्थर ग्रीन आणि आर्थर वुडहेड यांनी या साक्याकडे साका म्हणून नीट पाहिले. ऑक्सिडीकरणाच्या पायऱ्यांप्रमाणे त्यांनी त्याच्या अवस्था लावल्या आणि त्यांना नावे दिली. त्यांतले ‘एमराल्डीन’ हे नाव पाचूवरून आलेले आहे. अम्लात ही अवस्था हिरवी असते, अल्कलीत निळी होते. रंगाऱ्यांच्या हिरव्या खोडीला येथे व्याकरण मिळाले. त्यापुढे काही दशके मात्र सामसूम होती. सेंद्रिय रसायनज्ञाला स्फटिक हवा असतो, स्वच्छ वितळणबिंदू हवा असतो. भांड्याच्या बुडाशी चिकटून बसणारा काळा, न विरघळणारा, न वितळणारा गोळा म्हणजे फसलेला प्रयोग, असाच संकेत होता.

१९६०च्या दशकात ही उपेक्षा तीन ठिकाणी भंगली, आणि तिन्ही ठिकाणच्यांना एकमेकांची फारशी दखल नव्हती. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात डोनाल्ड वाइस आणि सहकाऱ्यांनी पॉलिपिरोल या भावंड पदार्थाची विद्युत् संवाहकता मोजली. दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये रेने बुव्हे, मार्सेल जोझेफोविच आदींनी पॉलिॲनिलीनची संवाहकता अम्लाच्या प्रमाणानुसार कशी बदलते हे तपासले. तिसरे ठिकाण टोकियो. तेथे हिदेकी शिराकावा यांच्याबरोबर १९६७ मध्ये काम करणारे कोरियन संशोधक प्युन ह्यंग-चिक यांच्या हातून उत्प्रेरक हजारपट अधिक पडला आणि ॲसिटिलीन वायूची काळी भुकटी होण्याऐवजी द्रवाच्या पृष्ठावर चांदीसारखा चकाकणारा पापुद्रा धरला. ॲलन मॅकडायर्मिड यांनी १९७५ मध्ये टोकियोच्या भेटीत तो पाहिला आणि शिराकावा यांना फिलाडेल्फियाला बोलावले. तेथे नोव्हेंबर १९७६ मध्ये ॲलन हीगर यांच्यासमवेत त्या पापुद्र्याला ब्रोमीनची वाफ दिली असता संवाहकता लक्षावधी पटींनी वाढली. १९७७ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

पारितोषिकाने कथा पक्की होते. त्यात ज्यांची नावे नसतात ते तळटीपेत जातात. प्युन यांचा उल्लेख तर अनेक ठिकाणी ‘एका विद्यार्थ्याची चूक’ एवढाच उरला. तरीही पारितोषिक अनाठायी होते असे आमचे म्हणणे नाही. १९७७ नंतर विखुरलेल्या निरीक्षणांचे एक क्षेत्र झाले, हे त्या तिघांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. १९७४ मध्येच शिराकावा आणि सहकाऱ्यांनी तो रुपेरी पापुद्रा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला होता, तेव्हा तो सुमारे वीस नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचे विस्कटलेले जाळे असल्याचे दिसले होते. म्हणजे नोबेल मिळविणारा पदार्थ नॅनोतंतूंचाच होता. त्या काळाचे डोळे चकाकीवर आणि विजेवर होते. तंतू ही नोंद घेऊन पुढे जाण्याची बाब होती.

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही. १९८०च्या दशकात मॅकडायर्मिड यांनी म्हणून टिकाऊ पॉलिॲनिलीनकडे मोर्चा वळविला. निळ्या एमराल्डीनला अम्ल दिले की ते हिरवे होते, आणि त्या एका पालटात संवाहकता सुमारे दहा अब्ज पटींनी वाढते, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले. लँकेशायरच्या रंगाऱ्यांना छळणारी ती जुनी खोड अम्लाशी असलेल्या याच नात्यातून आली होती. एका युगाचा दोष दुसऱ्या युगाचा गुण झाला, आणि मधल्या काळात पदार्थ जागच्या जागीच होता.

आता तंतू. ते हेतुपूर्वक मिळवण्याच्या तीन वाटा निघाल्या, आणि प्रत्येक वाटेत पदार्थाकडे पाहण्याची एक वेगळी वृत्ती दिसते.

पहिली वाट साच्याची. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत चार्ल्स मार्टिन यांनी सूक्ष्म छिद्रांच्या गाळण-पटलांत बहुवारिक वाढविले. ओतारी मुशीत धातू ओततो, तसे छिद्राच्या आकाराचे तंतू किंवा नळ्या त्यात घडतात. मग पटल विरघळवून टाकायचे. तंतूची जाडी हवी तशी ठरविता येते. पण दर वेळी साचा आणावा लागतो आणि मोडावा लागतो, आणि हाती येणारे पीक थोडे असते.

दुसरी वाट कताईची. विद्रावाच्या थेंबाला काही हजार व्होल्टांचा दाब दिला की थेंबाचे टोक ताणले जाते आणि त्यातून बारीक धार सुटून समोरच्या विद्युत् अग्राकडे झेपावते. वाटेत ती ताणली जाऊन बारीक होते आणि तिचा तंतू बनतो. पेळूतून सूत निघते त्याची ही विजेवरची आवृत्ती म्हणता येईल. येथे ओढणारा हात विजेचा. आंटोन फॉर्महाल्स यांनी या पद्धतीचे पेटंट १९३४ मध्ये घेतले होते. १९९०च्या दशकात अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी ती नव्याने अभ्यासात आणली. पॉलिॲनिलीनपुढे अडचण तीच, लाइटफूट यांच्या वेळची : ते विरघळत नाही. प्रथम सहज कातता येणाऱ्या दुसऱ्या बहुवारिकाच्या मिश्रणात ते कातले गेले. २००१ मध्ये मॅकडायर्मिड आणि सहकाऱ्यांनी शुद्ध पॉलिॲनिलीन ९८ टक्के सल्फ्यूरिक अम्लात विरघळवून, पाण्यात बुडालेल्या तांब्याच्या अग्रावर ५,००० व्होल्टांच्या दाबाने कातले. तंतूंची सरासरी जाडी १३९ नॅनोमीटर भरली. हट्टी पदार्थाला वठणीवर आणण्याची ही वृत्ती आहे, आणि तिचे यशही खरे आहे.

तिसरी वाट २००३-०४ मध्ये लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जियाशिंग ह्वांग आणि रिचर्ड केनर यांना सापडली. केनर हे मॅकडायर्मिड यांचेच विद्यार्थी. त्यांनी ॲनिलीन तेलासारख्या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात ठेवले आणि ऑक्सिडीकारक अम्लयुक्त पाण्यात. दोन थर एकावर एक सोडले. काही मिनिटांत दोहोंच्या सीमेवर हिरवा रंग उमटला आणि हळूहळू पाण्यात उतरत गेला. सूक्ष्मदर्शकाखाली तो हिरवा रंग म्हणजे जवळजवळ निव्वळ नॅनोतंतू होते, हायड्रोक्लोरिक अम्लात सुमारे तीस नॅनोमीटर जाडीचे. साचा नाही, चरखा नाही.

असे का व्हावे, याचा त्यांनी पाठपुरावा केला. नेहमीच्या पद्धतीत ऑक्सिडीकारक थेंबाथेंबाने ॲनिलीनमध्ये टाकतात. तशा अभिक्रियेचे आरंभीचे नमुने त्यांनी तपासले, तेव्हा त्यांतही आधी तंतूच दिसले. पण थेंब पडत राहतात, ॲनिलीन शिल्लक असते, आणि नवी वाढ आधीच्या तंतूंवर चढत जाते. त्यांवर गाठी येतात, गाठी एकमेकींत मिसळतात आणि अखेरीस उरतो ओबडधोबड कणांचा साका. दोन द्रवांच्या सीमेवर तयार झालेले तंतू पाण्यात निघून जातात, म्हणून ही दुसरी वाढ त्यांच्यावर बसत नाही. पुढे त्यांनी याहून सोपा उपाय दाखविला : दोन्ही विद्राव एकदम ओतून झपाट्याने मिसळायचे. सारे द्रव्य पहिल्या वाढीतच संपते, पुढच्यासाठी काही उरत नाही.

या निष्कर्षाचे महत्त्व आम्हांला पद्धतीच्या सोपेपणात वाटत नाही. सूत ही पॉलिॲनिलीनची, निदान पाण्यातल्या अशा अभिक्रियेत, उपजत वाढ आहे, आणि गाळ हा त्या सुतावर बसलेला अतिरेक आहे. अर्थात पर्किनच्या किंवा लेथबींच्या भांड्यात नेमके काय होते, याचा निवाडा आज करता येणार नाही. त्यांची द्रव्ये आणि प्रमाणे निराळी होती. पण असंख्य प्रयोगशाळांत दशकानुदशके ज्या साक्याला ‘ओबडधोबड’ म्हटले गेले, त्याच्या पोटात सूत दडलेले होते, एवढे नक्की म्हणता येते. तंतू मिळविण्यासाठी काही अधिक करायचे नव्हते. कुठे थांबायचे, एवढेच कळायचे होते.

या सुतांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. अशा तंतूंचा पातळ थर अमोनियाची वाफ लागताच हिरव्याचा निळा होऊ लागतो आणि त्याचा विद्युत् रोध वाढतो. तंतूंमध्ये मोकळी जागा असल्याने वायू आतवर शिरतो आणि उत्तर चटकन मिळते. विषारी वायू हुंगणाऱ्या संवेदकांसाठी म्हणूनच त्यांचा अभ्यास झाला. पॉलिॲनिलीनवर आधारलेल्या जैवसंवेदकांचे काम त्याआधीच, १९९०च्या दशकात, मुंबईच्या आयआयटीतही झालेले होते. ह्वांग यांनी एकदा या तंतूंचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्याचा फ्लॅश उडविला, तर ‘फट्’ असा आवाज झाला आणि जळाल्याचा वास आला. प्रकाशाच्या एका झोताने तंतू वितळून एकमेकांना जुळले होते. २००४ मध्ये हेही प्रसिद्ध झाले.

म्हणजे आणखी एक ‘अपघात’. पर्किनचा अपघात, टोकियोचा अपघात, फ्लॅशचा अपघात. विज्ञानाच्या लोकप्रिय इतिहासाला हा शब्द फार प्रिय आहे आणि आम्हांला तो संशयास्पद वाटतो. काळा गाळ शेकडो जणांच्या भांड्यात धरला असेल. बहुतेकांनी तो धुऊन टाकला. जादा उत्प्रेरक पडला तेव्हा शिराकावा यांनी पापुद्रा जपला, पुन्हा करून पाहिला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. ‘फट्’ असा आवाज ऐकून ह्वांग यांनी हे काय झाले असा प्रश्न केला. घटना अपघाताने घडते, तिचे वाचन अपघाताने घडत नाही. अपघात म्हणून मोकळे होताना आपण त्या वाचनामागचे श्रम, आणि कित्येकदा त्या माणसाचे नावही, इतिहासातून काढून टाकीत असतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ही कहाणी ठेवण्याचे कारण हेच. ग्रंथालयांतही असा साका असतो. दुय्यम म्हणून बाजूला सारलेली हस्तलिखिते, सदोष ठरलेल्या आवृत्त्या, अभिरुचीच्या एखाद्या युगाने ‘ओबडधोबड’ ठरविलेले लेखन, आणि महत्त्वाच्या कृतींवर चढत गेलेली भाष्यांची दुसरी, तिसरी वाढ. त्या प्रत्येक ढिगाऱ्यात सूत असेलच असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळसा गाळ हा गाळच असतो. मात्र तो धुऊन टाकण्यापूर्वी एवढे विचारावे, की हा पदार्थ मुळातच असा आहे, की आपण त्याच्यावर थेंब टाकीत राहिल्याने तो असा झाला आहे.